वन्सं, त्या पिसवाच होत्या

वन्सं,

तुमची चिंबोरी पुन्हा खाजवायला लागलीय. आत्ता मी हे लिहितेय तेव्हाही खालच्या खोलीतून तो आवाज वर येतोय. मागचा पाय लादीवर आपटल्याचा. मग जरा शांत, आणि मग शेपटीच्या मुळाशी दातांनी कुरतडल्याचा ओला आवाज. तुमचं तेरावं झालं, पाहुणे गेले, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, आणि आता ज्याला त्याला वाटतंय की कुत्री तुमच्या नावानं झुरतेय. पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरीण बाई डोळे पुसत म्हणाल्या, मुक्या जनावराला सगळं कळतं. मी म्हटलं, कळत असेल, पण केस गळतायत ते पिसवांमुळं. त्यांना ते आवडलं नाही. सुतकाच्या घरात पिसवांचं नाव काढायचं नसतं बहुतेक.

परवा तुमची खोली आवरायला घेतली. मिसरीच्या डब्यामागं कागदात गुंडाळलेल्या चिंबोरीच्या गोळ्या सापडल्या. मागच्या महिन्याची, आणि त्याच्या मागच्या महिन्याची. दोन्ही वेळेला मी तुम्हाला विचारलं होतं, गोळी दिली का. दोन्ही वेळेला तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून म्हणालात, "दिली गो, भाकरीत घालून दिली." मी तो कागद हातात घेऊन तुमच्या खाटेवर बसले. रडू यायला हवं होतं. आला तो राग. इतका, की त्या क्षणी तुम्ही दारातून आत आला असतात तर मी आधी भांडले असते आणि मग विचारलं असतं की परत कशा आलात.

तर मग भांडूच.

मी लग्न होऊन बोनकोड्याला आले तेव्हा तुम्ही आधीच माहेरी परतला होतात. उरणकडच्या सासरी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तुमच्या वडलांनी तुम्हाला घरी आणलं आणि तो विषय तिथंच मिटला. मी साताऱ्याकडची, बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाड्याची मुलगी, म्हणजे तुमच्या गावाच्या लेखी घाटी. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सुकट निवडायला बसवलंत आणि वासानं माझं तोंड वाकडं झालेलं बघून पदराआड हसलात. मला तेव्हाच कळलं होतं की या बाईशी आपलं जमेलही आणि रोज वाजेलही. दोन्ही खरं झालं. ऋतुजा झाल्यावर मी बेलापूरच्या ऑफिसात परत रुजू झाले ते तुमच्या जिवावर. पोरगी इतकी तुमच्या कडेवर वाढली की तिचं पहिलं धड वाक्य तुमच्या आगरी बोलीत निघालं आणि माझी आई गावाहून आली तेव्हा तिला नातीचं बोलणं समजेना. हे मी विसरलेले नाही. पण आज मला पिसवांबद्दल बोलायचंय.

जुनं घर पाडून बिल्डिंग उभी राहिली तेव्हा तुम्ही वर यायचं नाकारलंत. गल्लीत दार उघडणारी तळमजल्याची खोली घेतलीत. म्हणालात, वर दम लागतो. लिफ्ट आहे म्हटलं तर म्हणालात, लिफ्टमध्येच लागतो. आणि एक दिवस मासळी आणायला म्हणून गेलात ते पिशवीत मासळीऐवजी पिल्लू घेऊन आलात. कुठल्या तरी स्कूटरनं त्याच्या कंबरेवरून चाक नेलं होतं. ते जगलं, पण चालताना एका बाजूला सरकत चालायचं. तुम्ही म्हणालात, खाडीतली चिंबोरी अशीच चालते, आणि नाव पडलं. जनार्दन आत डोकावून म्हणाला, आणलंस तर आणलंस ताई, पण खालीच ठेव. तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्ही भावाला कधीच काही बोलला नाहीत, सगळं मला बोललात.

मी काही कुत्र्यांच्या प्रेमानं वेडी झालेली बाई नव्हते. आमच्याकडं गावी कुत्रं दारात असायचं, राखेत झोपायचं, भाकरीचा तुकडा खायचं. खाजवतं का, हे बघायला कुणाला वेळ नव्हता. त्यामुळं चिंबोरीच्या कातड्यासाठी मी तुमच्याशी वर्षभर भांडेन असं मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

गेल्या दिवाळीनंतर ती खाजवायला लागली. आधी तुम्ही म्हणालात, "गरमी हाय तिच्या अंगान." म्हणून तिचं मटणाचं हाड बंद झालं आणि ताक सुरू झालं. तिनं ताकाकडं बघितलं, तुमच्याकडं बघितलं, आणि खाजवत राहिली. मग कडुलिंबाचा पाला उकळून अंघोळ झाली. त्यानं खोलीला चांगला वास आला, एवढाच फरक. मग खोबरेल तेलात कापूर. ते ती चाटायची आणि तोंडाला फेस यायचा. मी म्हटलं, कापूर पोटात जातोय, विष आहे ते. तुम्ही म्हणालात, देवापुढं लावतो ते विष कसं. मी ऑफिसला निघून गेले.

आणि संध्याकाळी येऊन बघते तर खोलीत रॉकेलचा वास. आजच्या दिवसांत तुम्ही रॉकेल मिळवलंत कुठून, हे मला अजून कळलेलं नाही. जुन्या काळी गुरांना लावायचो, असं तुम्ही सांगितलंत. शेपटीच्या मुळाशी, जिथं आधीच दातांनी सोलून निघालं होतं, तिथं तुम्ही ते चोळलं होतंत. चिंबोरी खाटेखाली जाऊन बसली होती, कुणाला हात लावू देत नव्हती, आणि तुम्ही लादीवर बसून तिला हाका मारत होतात. तुमचे डोळे भरले होते. मी तुम्हाला रागावणार होते. तुमचं तोंड बघून निम्मा राग गिळला. तो निम्मा अजून आत आहे.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आपण तिला रिक्षात घालून कोपरखैरण्यातल्या त्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. पोरसवदा, पण कामाची. तिनं चिंबोरीचे केस उलटे करून बघितले, ओल्या कापसानं शेपटीजवळचे काळे कण टिपले आणि कापूस तुमच्यापुढं धरला. कापूस तांबडा झाला होता.

"ही माती नाही आजी," ती म्हणाली. "पिसवांची घाण आहे. त्यांनी प्यायलेलं रक्तच आहे हे."

तिनं सगळं नीट समजावलं. चिंबोरीला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी आहे, त्यामुळं एखादी पिसू चावली तरी दिवसेंदिवस खाज सुटते. अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकीच्यांची अंडी आणि अळ्या तिच्या अंथरुणात आणि लादीच्या फटींत. जखमेला मलम, खाजेला थोडे दिवस औषध, चाटू नये म्हणून गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं, आणि पिसवांसाठी दर महिन्याला एक गोळी. ती गोळी बरं वाटलं तरी थांबवायची नाही. अंथरूण गरम पाण्यात धुवायचं. रॉकेल पुन्हा कधीच नाही. आणि तुम्ही मागच्या दारी मांजरींना खायला घालता हे ऐकल्यावर तिनं बजावलं, की कुत्र्याच्या अंगावर टाकायचं औषध मांजरीला चुकूनही लावू नका, मांजर मरेल.

तुम्ही प्रत्येक वाक्याला मान डोलावून म्हणत होतात, "हो बाय. हो बाय." डॉक्टरीणबाई खूश झाली. मला म्हणाली, आजी किती समजूतदार आहेत. तुमचं "हो बाय" मला माहीत होतं. लग्नाच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांपासून ते निवडणुकीला मत मागायला आलेल्या माणसापर्यंत सगळ्यांना तुम्ही "हो बाय", "हो बाबा" म्हणायचात आणि मग आपल्याला हवं तेच करायचात.

रिक्षातच तुम्ही म्हणालात, पिसवा असत्या तर दिसल्या असत्या, गोचीड दिसते तशी. घरी पोचल्यावर नरसाळं काढून टाकलंत, कारण त्यात तिला तुमचं तोंड दिसत नव्हतं म्हणे. मलम लावलंत. पहिली गोळी मी समोर उभी राहून द्यायला लावली. आणि गोधडीला हात लावू दिला नाहीत.

ती गोधडी. चिंबोरी रात्री तुमच्या पायथ्याशी त्याच गोधडीवर झोपायची, आणि अर्धी गोधडी तुमच्या अंगावर. मी म्हटलं, उकळत्या पाण्यात घालू. तुम्ही म्हणालात, विरेल. मी म्हटलं, नवी शिवून घेऊ. तुम्ही म्हणालात, नवी तुझ्या खोलीत ठेव. हा संवाद आपण इतक्या वेळा केलाय की ऋतुजा पुण्याहून फोन करायची तेव्हा विचारायची, गोधडीचं काय झालं. पोरीला वाटायचं गंमत चाललीय.

त्याच दिवसांत भाडेकरीण बाईंच्या मुलाच्या पायावर पुरळ आलं आणि त्या जनार्दनकडं तक्रार घेऊन आल्या. तो कामावरून दमून आला होता. जेवताना म्हणाला, "पिसवा वर आल्या तर त्या कुत्रीला मी खाडीवर नेऊन सोडीन." आणि आमटी वाढून घेतली. तुम्ही समोर बसला होतात. मी ते वाक्य ऐकलं आणि ताट उचलेपर्यंत विसरलेही. जनार्दन असं बोलतोच. केबलवाल्याला घरात पाऊल ठेवू देणार नाही म्हणतो आणि तो आला की त्याला चहा विचारतो. तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखायचात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं होतं. पण तुम्ही ते वाक्य उचललंत आणि जपून ठेवलंत.

तेव्हापासून तुमच्या खोलीत दिवसाही मच्छर अगरबत्ती जळायला लागली. तुम्ही मोजे घालायला लागलात. एप्रिलच्या उकाड्यात, वन्सं, जेव्हा अंगावर पातळ नकोसं होतं, तेव्हा तुमच्या पायात ऋतुजाचे शाळेतले मोजे. मी विचारलं तर म्हणालात, पाय गार पडतात. तुम्हाला साखरेचा आजार, त्यामुळं मला वाटलं असेल तसं काही. एक दिवस तुम्ही कपडे वाळत घालायला हात वर केलेत, पातळ वर झालं, मोजा खाली घसरला आणि मला तुमचा घोटा दिसला. लाल ठिपके, ओळीनं, तिथल्या तिथं. काही खाजवून फोडलेले. एकाभोवती सूज आणि पिवळं पाणी.

मी विचारलं, हे काय. तुम्ही म्हणालात, "मच्छर हायेत गो. मना काय नाय झाला."

मच्छर ओळीनं चावत नाहीत. मच्छर घोट्याच्या वर जायलाही घाबरत नाहीत. मी हे सगळं तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही बादली उचलून आत गेलात. दोन दिवसांनी तुमचा पाय पोटरीपर्यंत सुजला, तापलेल्या तव्यासारखा गरम झाला आणि तुम्हाला थंडी वाजून आली. मग मात्र मी तुमचं काही ऐकलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बघितला, साखर तपासली, कपाळाला हात लावला आणि विचारलं, घरात जनावर आहे का. तुम्ही त्यांच्याकडं सरळ बघत म्हणालात, "नाय." मी म्हटलं, आहे, कुत्री आहे, यांच्या अंथरुणात झोपते. तुम्ही माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलंत ती मला आयुष्यभर पुरेल. तिथं तुम्हाला भरती करून घेतलं, इंजेक्शनं दिली, पाय उशीवर ठेवला. डॉक्टर म्हणाले, साखर असताना असल्या चाव्यांकडं दुर्लक्ष करून पाय गमावलेली माणसं आम्ही बघतो. तुम्ही म्हणालात, "हो बाबा."

घरी आल्यावर तुम्ही माझ्याशी बोलणं बंद केलंत. मी ताट घेऊन खाली यायचे, तुम्ही जेवायचात, ताट घासून दाराबाहेर ठेवायचात. रिकामं, चकचकीत, आणि एक शब्द नाही. शेवटी मी एक दिवस ताट हातात घेऊन दारातच बसले. म्हटलं, बोलल्याशिवाय उठणार नाही. मी डॉक्टरांना खरं सांगितलं यात माझं चुकलं काय, तेवढं सांगा.

तुम्ही चिंबोरीच्या कानामागं बोटं फिरवत बसलात. मग म्हणालात, "जना बोललाय, पिसवा आल्या तं तिला खारीव सोडीन. आज ती, उद्या मी. मी तरी कोन हाय या घरान? आलेलीच ना."

मी म्हटलं, वेड लागलंय का तुम्हाला, ही बिल्डिंग तुमच्या बापाच्या जमिनीवर उभी आहे.

"जमिनीव कोन झोपतं गो? घरान झोपतान. घर जनाचा हाय."

मग त्याला विचारा, मी म्हटलं. आत्ता वर चला, मी बरोबर येते, समोरासमोर विचारा. आणि तुम्ही जे बोललात ते मी तेव्हापासून रोज आठवतेय. तुम्ही म्हणालात, "इचारायचा नसतं. इचारला का उत्तर येतं."

वन्सं, तुम्ही त्या घरात जन्मलात. त्या घराची भातखाचरं होती तेव्हा त्यात लावणी केलीत. जनार्दनला तुम्ही कडेवर घेऊन शाळेत सोडलंत. माझं बाळंतपण तुम्ही काढलंत. इतक्या वर्षांनंतर तुम्ही त्या घरात पाहुण्यासारख्या बसला होतात, पायाला भोकं पडेपर्यंत, मोजे चढवून. मला तुमचा इतका राग आला की रडू आलं, आणि तुम्हाला वाटलं मला तुमची दया आली, म्हणून तुम्ही आणखी चिडलात. वर माझ्याकडून शपथ घेतलीत की यातलं जनाला काही बोलायचं नाही. ऋतुजाची शपथ. मी ती पाळली. तुम्ही असेपर्यंत पाळली.

पण त्याच रविवारी गोधडी निघाली. तुम्हीच काढून दिलीत, दाराबाहेर ठेवलीत. हळदीला वापरतो तो मोठा टोप आपण मागच्या दारी चुलीवर चढवला, पाणी उकळलं, आणि मी काठीनं गोधडी आत ढकलली. पाणी चहासारखं झालं. तुम्ही नाकाला पदर लावून बघत होतात. मग खाट उन्हात, फटींत झाडू, कोपऱ्यांत झाडू, चटया जाळल्या, आणि मग तुमची उवांची बारीक फणी घेऊन आपण दोघी चिंबोरीला घेऊन बसलो. मी धरलं, तुम्ही विंचरलं. फणीत अडकेल ती पिसू साबणाच्या पाण्यात. पहिली पिसू पाण्यात पडून पाय झाडायला लागली तेव्हा तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, "अगो, खरंच हाय."

इतके महिने मी काय सांगत होते, वन्सं. डॉक्टरीणबाई काय सांगत होती. ओला कापूस काय सांगत होता. पण मला तेव्हा राग आला नाही. तुम्ही इतक्या प्रामाणिकपणे चकित झाला होतात की मी हसत सुटले, मग तुम्हीही, आणि चिंबोरी संधी साधून अंग झाडून आपल्या दोघींना भिजवून निघून गेली. त्या दिवशी आपण मागच्या पायरीवर बसून चहा प्यायलो. तुम्ही तुमच्या सासरबद्दल बोललात, जे तुम्ही कधी बोलत नव्हतात. तिकडंही एक कुत्रा होता म्हणे, नवरा गेल्यावर तोच तेवढा तुमच्यामागं वेशीपर्यंत आला होता. एवढंच सांगितलंत आणि कप विसळायला उठलात. तो रविवार मला तुम्ही दिलात, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे.

चिंबोरीला केस आले. तुमचा पाय भरला, काळा डाग तेवढा राहिला. सगळं सुरळीत झालं, आणि म्हणूनच तुम्ही गोळी बंद केलीत. बरं झालेल्या जनावराला औषध कशाला, असंच तुम्हाला वाटलं असणार. तुमच्या साखरेच्या गोळ्यांचंही तुम्ही तेच करायचात. रस्त्यावरच्या कुत्र्यांना कोण गोळ्या देतं, असं तुम्ही मला एकदा विचारलं होतंत. कुणी देत नाही, वन्सं. म्हणून तीही दिवसभर खाजवत असतात, फक्त त्यांच्याकडं कुणी बघत नाही. हे उत्तर मला तेव्हा सुचलं नव्हतं. आता सुचून उपयोग नाही.

तुम्ही गेलात ते दुपारी. जवळा निवडत बसला होतात. भाडेकरीण बाईंनी चिंबोरीचं भुंकणं ऐकलं आणि खाली येऊन बघितलं. मी बेलापूरहून पोचले तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं, पायाशी संबंध नाही, तो पूर्ण बरा होता. मी त्यांना तीनतीनदा विचारलं. मला ते ऐकायचंच होतं.

पण गावात बोलायला लोक मोकळे असतात. तेराव्याला मागच्या रांगेत कुजबुज चालली होती की कुत्रीच्या किड्यांनी पाय सडला आणि त्यातच हिरा गेली.

परवा गोळ्यांचा कागद सापडला, त्या संध्याकाळी मी जनार्दनला सगळं सांगितलं. मोजे, घोटा, दवाखान्यातलं "नाय", आणि तुम्ही काय बोललात ते. तुमची शपथ तुमच्याबरोबर संपली असं मी धरलं. तुम्हाला मान्य नसेल तर नसू दे.

तो म्हणाला, "मी असं म्हटलं होतं?"

मी म्हटलं, हो, आमटी वाढून घेताना.

"कधी?"

त्याला आठवत नव्हतं, वन्सं. त्यानं खूप प्रयत्न केला, कपाळाला आठ्या घालून बसला, आणि त्याला आठवलं नाही. तुम्ही ज्या वाक्याला घाबरून उन्हाळाभर मोजे घातलेत, ज्याच्यासाठी पाय जाता जाता राहिला, ते वाक्य बोलणाऱ्याच्या गावीही नव्हतं. मी तुमच्या दोघांवर एकदमच चिडले. त्यानं विचारलं, ताई मला का नाही बोलली. मी तुमचं उत्तर सांगितलं, तुमच्याच शब्दांत. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि त्या दिवशी जेवला नाही.

आणि आज सकाळी खांदेश्वरहून तुमचा चुलत भाऊ दामू टेम्पो घेऊन आला. गल्लीतच उभा राहून, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात म्हणाला, कुत्री द्या, घेऊन जातो. लोक काय काय बोलतायत. ज्या जनावरानं माणूस खाल्लं ते दारात कशाला. खाडीपलीकडं सोडतो, तिकडं खायला मिळेल तिला.

मी पायऱ्या उतरून खाली आले. मला त्याला सांगायचं होतं की हृदयाचा आणि पिसवांचा संबंध नाही, की परवाच गोळी दिलीय, दोनतीन महिने लागतील पण खाज जाईल. वाक्यं तोंडात तयार होती. पण जनार्दन माझ्या आधी तुमच्या दारात पोचला होता. बनियनवर, हातात तशीच चहाची कपबशी. चिंबोरी उंबऱ्यावर बसली होती, तिच्या शेजारी तो उभा राहिला.

तुम्हाला माहीत आहे, नोकरीला लागल्यापासून तो बोली बोलत नाही. माझ्याशी नाही, मुलीशी नाही, तुमच्याशीसुद्धा तो पुस्तकातलं मराठी बोलायचा आणि तुम्ही त्याला हसायचात.

"ती कुठं जानार नाय," तो म्हणाला. "घर तिचा हाय."

दामू हसला. म्हणाला, कुत्रीचं घर?

जनार्दन हसला नाही. त्यानं कपबशी उंबऱ्यावर ठेवली. "पयल्यापासून तिचाच हाय," तो म्हणाला. "कोनी तिला इचारायचा नाय."

दामूनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. थोड्या वेळानं तो टेम्पो वळवून गेला.

वन्सं, तुमच्या भावानं हे तुमच्या दारात, तुमच्या भाषेत, सगळ्या गल्लीसमोर सांगितलं. ऐकायला तुम्हीच तेवढ्या नव्हतात. म्हणून लिहून कळवतेय.